खडाडणारा गिअर आणि चिमूटभर काजळ

गिअर टाकताना आवाज येतो का, असं विचारलं की गिऱ्हाईक आधी नाहीच म्हणतं. जणू मी त्याच्या घरातलं भांडण विचारलं. मग मी म्हणते, "बरं, आवाज येत न्हाय, तर मग आलाईसा कशाला?" त्यावर जरा घुटमळतं आणि म्हणतं, "येतो, पण थोडा येतो." थोडा म्हणजे किती, तर गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहतात एवढा.

तुमच्या अंकाची दोन मंडळी परवा दुकानात आली आणि म्हणाली, जैनबी, तुमच्या कामातलं काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, मला सालं आठवत नाहीत. ते म्हणाले, सालं नकोतच. मग बरं झालं. माझं शिक्षण म्हणजे काय, कोल्हापूरच्या थोरल्या महाराजांनी शाळा सक्तीची केली तेव्हा शेजारची पोर ओसरीवर पाटी गिरवायची, तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडता निवडता मीही गिरवलं. त्यामुळे लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते. आमच्या घरात आम्ही दख्खनी बोलायचो, ते मात्र इथं मराठी करून सांगते, नाहीतर छापणाऱ्याची पंचाईत.

ज्यांनी फटफटी फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली आहे त्यांना आधी गिअर म्हणजे काय ते सांगू दे. इंजिन आपल्या नादात फिरतं आणि चाक आपल्या. चढाला इंजिन भरभर आणि चाक हळू, सपाटीला इंजिन निवांत आणि चाक भरभर, ही वाटणी मधली एक पेटी करते. पेटीत दात्यांची चाकं असतात. लोकांना वाटतं, गिअर बदलला की दात्यांत दाते घुसतात. मी सांगते त्या गाडीत तरी तसं नव्हतं. दाते आधीपासून एकमेकांत बसलेलेच. पण त्या चाकांच्या कुशीला बोटाच्या पेराएवढे पंजे असतात, आणि शेजारच्या चाकाला तेवढ्याच खाचा. टाकीजवळची दांडी ओढली की चाक सरकतं आणि पंजे खाचांत जाऊन बसतात. दाराची खिट्टी चौकटीतल्या भोकात जाते ना, तसं. दार नीट मिटलेलं असेल तर खिट्टी टक् करून बसते. दार हलतं असेल, किंवा भोक जरा बाजूला असेल, तर खिट्टी चौकटीवर आपटत राहते. फटफटीचा खडाडा म्हणजे एवढंच. खिट्टीही लोखंडाची आणि चौकटही लोखंडाची, म्हणून गावाला ऐकू जातं.

हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते एका इनामदाराच्या फटफटीनं शिकवलं, आणि तेही माझ्या चुकीतून.

आम्ही शिकलगार. तलवारींना धार लावणारे. तलवारी भिंतीवर लटकायला लागल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना बावा म्हणायचो, बंदुकांचं काम उचललं. शिकारीच्या बंदुका, पिस्तुलं, तिजोरीची कुलुपं. कोल्हापुरात शिकारीचा शौक मोठा, कामाला तोटा नव्हता. माझं लग्न या घरात झालं आणि चार वर्षांत तापाच्या साथीत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी भाऊ न्यायला आला होता, नृसिंहवाडीच्या अलीकडं आमचं खेडं, पण बावा त्याला म्हणाले, "राहू दे तिला. माझा हात कापायला लागलाय, मला माणूस लागतं."

हात कापत नव्हता. डोळे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार तेवढा कळायचा. हे घरात मला ठाऊक आणि मिरजेला रेल्वेच्या कामावर असलेल्या माझ्या दिराला, दस्तगीरला. गावाला नाही. गावाला कळलं असतं तर आंधळ्याच्या हातात बंदूक कोण देणार? म्हणून आम्ही अशी रीत पाडली. दुकानात मधोमध पडदा. पुढं बावा गिऱ्हाइकाशी बोलायचे, वस्तू हातात घेऊन बोटांनी चाचपायचे आणि "ठेवून जावा, परवा या" म्हणायचे. पडद्यामागं मी. तिथं शिकंजा, कानशी, सहाणेचं चाक. गिऱ्हाईक बसून राहिलं तर बावा पुढं एका भंगार पट्टीवर कानस फिरवत राहायचे, म्हणजे आतला आवाज कुणाला वेगळा वाटू नये. दोन वर्षं हे चाललं. बावा ऐकून आणि चाचपून सांगायचे, मी करायची. माझ्या हातचं काम त्यांच्या नावावर जायचं, याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

दस्तगीरला मात्र हे पटत नव्हतं. तो माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, मला भाभी म्हणायचा, मनानं वाईट नव्हता, पण भित्रा. सुट्टी घेऊन आला की त्याचा एकच पाढा.

"बावा, एक दिवस कुणीतरी पडदा वर करंल. मग इज्जत राहतीया व्हय? दुकान बंद करा. हत्यारं मी मिरजेला नेतो, तुम्ही माझ्याकडं चला. भाभीला तिच्या भावाकडं पोचवू."

"आणि भाभी भावाकडं काय करंल?" बावा विचारायचे.

"काय करंल म्हंजे? बायका काय करत्यात?"

मी पडद्यामागून ऐकायची आणि कानस जरा जोरात ओढायची.

त्या वेळी, थोरल्या महाराजांच्या अमदानीची ती अखेरची वर्षं असावीत, मलकापूरच्या वाटेवरच्या एका गावचे इनामदार आमच्या दारात फटफटी घेऊन आले. घेऊन आले म्हणजे बैलगाडीत घालून, वर कडब्याच्या पेंढ्या झाकून. सगळे त्यांना बाळासाहेब म्हणायचे. अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून दांडगे.

"बावा," ते उंबऱ्यातूनच ओरडले, "तुमी बंदुकीचा घोडा सुधारता, ह्यो आमचा इलायती घोडा बगा! गिअर बदलला की असा खिंकाळतोय की म्हाराजांच्या पागंतली घोडी दावणी तोडाय लागली. पागेच्या साहेबांनी आमास्नी बजावलंय, आवाज बंद झाल्याबिगर गाडी गावात आणायची न्हाय. आमी आणि गाडी बैलगाडीतनं फिरवायची? काय अब्रू ऱ्हाईली?"

"बंदुकीचं काम करतो मी, बाळासाहेब," बावा म्हणाले.

"मग? त्यात बी लोखंड, ह्यात बी लोखंड. इथं दुसरं हाय कोण? मुंबईला धाडली तर सहा म्हैनं येत न्हाय."

दस्तगीर त्या दिवशी घरीच होता. बाळासाहेब चहा प्यायला पलीकडं गेल्यावर तो आत येऊन बावांना म्हणाला, "रेल्वेतली मानसंबी ह्याला हात लावत न्हाईत. नको म्हना."

बावांनी तिथल्या तिथं एक शर्त घातली. म्हणाले, "दस्तगीर, रोजची कटकट नको. ही गाडी गप झाली तर दुकान ऱ्हाईल, आणि तू पुन्हा बंद करायचं नाव काढायचं न्हाय. न्हाय झाली तर सगळी हत्यारं तुझी. जैनब, मंजूर?"

मला कुणी तोवर मंजूर का विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मंजूर."

आणि मनात ठरवून टाकलं, ही गाडी गप होणार. कशी ते माहीत नव्हतं, पण होणार.

मागच्या अंगणात गाडी स्टँडवर चढवली. दस्तगीरनं इंजिन चालू केलं. बावांनी एक वेताची काठी घेतली, एक टोक पेटीला लावलं आणि दुसरं आपल्या कानाला. आजही माझ्या दुकानात अशी काठी आहे, डॉक्टरांच्या नळीपेक्षा खरं सांगते. बावा म्हणाले, "क्लच दाब. हं. दाबलास? मग आत अजून फिरतंय कोण?"

क्लच म्हणजे इंजिन आणि पेटी यांचा हात सोडवणारी वस्तू. त्या गाडीत लोखंडाच्या चकत्या होत्या आणि त्यांत बुचाचे तुकडे बसवलेले. दाबलं की चकत्या सुट्या व्हायला हव्यात. उघडून बघते तर सगळ्या चिकटलेल्या, गुळाच्या पाकात पडल्यासारख्या. त्या काळी इंजिनात एरंडेल घालायचे. ते झिरपून तापून तिथं चिक्की झालं होतं. दस्तगीर रॉकेलचा डबा घेऊन आला. मी म्हटलं, रॉकेलनं एरंडेलाचा चिकटा धड निघत नाही, तेल्याच्या घरची भांडी कधी घासली आहेस का? रिठ्याच्या कढत पाण्यानं चकत्या धुतल्या, बुचं कोंड्यात घोळून कोरडी केली. मघाच्या खिट्टीच्या भाषेत, दार हलायचं थांबलं.

इथवर सगळं बरोबर. पण मला पुढची साखळी ढिली दिसली आणि माझे हात शिवशिवले. त्या गाडीत पुढची साखळी ताणायची तर अख्खी पेटीच मागं सरकवायची असते. मी चार नट सैल केले, पेटी अर्धं बोट मागं घेतली, मागची साखळीही ओढून घेतली, नट आवळले. बावांना सांगितलं नाही. बंदुकीत असं असतं की इथला स्क्रू आवळला म्हणून तिथलं काही बिघडत नाही. आमची आयुष्यभराची सवय ती.

स्टँडवर गाडी चालवली. पहिला, दुसरा, तिसरा. टक्, टक्, टक्. बाळासाहेब इतके खूश झाले की बावांच्या पाठीत थाप मारून निघून गेले. बावा पडद्याकडं तोंड करून हसले. दस्तगीरनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेला परतायचं म्हणून पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर बाजाराच्या वेळी, आवाज आधी आला आणि गाडी मागून. कट् कट् कट् कट् खडाड्! जुनी खोड तरी बरी होती. आता चढावर पहिला गिअर टाकला की आपोआप सुटत होता आणि परत आपटत होता. मागं पोरं, पुढं कुत्री.

"बावा!" बाळासाहेब गरजले. "आधी खिंकाळत हुतं, आता लाथा झाडतंय! काल सगळ्या गावाला सांगितलं मी, बावांनी गाडी मुकी केली म्हनून. आता मीच मुका झालो की!"

बावांनी मान पडद्याकडं वळवली. मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं, आणि त्यांना ते आवाजावरून कळलं होतं.

बाळासाहेब गाडी टाकून गेल्यावर दस्तगीर आत आला. आनंद झाला नव्हता त्याला, हे मी सांगते. पण म्हणाला, "झालं. दाते गेले आतले. इलायतेतनं मागवावे लागनार. भाभी, तू काय कमी केलं न्हाईस, पर आता बास."

मी म्हटलं, "पेटी उघडली न्हाय अजून. उघडल्याबिगर बास कसं?"

"उघडून परत बसली न्हाय तर?"

"तर तू भंगारात घाल. आत्ता मात्र तो पाना दे."

पाना त्यानं दिला. का दिला, मला आजही ठाऊक नाही.

पेटी उघडून एकेक चाक फडक्यावर मांडलं. कुठलं कुठून निघालं ते विसरू नये म्हणून ताटात सुपाऱ्या मांडतात तसं ओळीनं. बावा बोटं फिरवत गेले. दाते शाबूत. पण पंजांची टोकं घासून गोल झालेली. म्हणजे खिट्टी भोकात जातच नव्हती, टोकावर टेकून घसरत होती. हे एका दिवसात झालं होतं. का? त्याचं उत्तर बोटांना मिळत नव्हतं, आणि लोखंड आतल्या आत कुठं लागतं ते डोळ्यांना दिसत नाही, कारण पेटी बंद असल्याशिवाय चाकं हलत नाहीत.

बंदुकीच्या कामात एक युक्ती असते. लाकडात लोखंड बसवताना लोखंडाला दिव्याची काजळी लावतात, दाबतात, काढतात. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं लागतंय. मला ती आठवली. पण काजळी लगेच झडते, आणि इथं तेलातलं काम. मग मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि फडताळातली काजळाची डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर काशाची थाळी धरून मीच पाडलेलं काजळ. नवरा गेल्यापासून डबी उघडली नव्हती. वरचा थर वाळला होता, खाली मऊ होतं.

पंजांना काजळ लावलं. पेटी बांधली, गाडीला चढवली, दांडी एकदा, फक्त एकदा, पहिल्या गिअरमध्ये ओढली. पुन्हा सगळं उतरवलं. उघडून बघते तर पंजा बोटाच्या पेराएवढा, आणि काजळ पुसलेलं फक्त टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढं. बाकी सगळं तसंच काळंभोर. पंजा पूर्ण आत जातच नव्हता. दांडी शेवटपर्यंत ओढूनही.

मी अंगणात बसून त्या दांडीकडं बघत राहिले. टाकीजवळ दांडी, तिच्या खालून एक लांब सळई पेटीपर्यंत. दांडी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली. पेटी... पेटी मी अर्धं बोट मागं घेतली होती. सळई तेवढीच.

"बावा," मी म्हटलं, "माझीच चूक. साखळी ताणली, सळई न्हाय लांबवली."

बावांनी विचारलं, "साखळी ताणलेली मला सांगितलंस?"

"न्हाय."

"मग चूक दोन झाल्या," ते म्हणाले. "चल, आता सुधार."

दस्तगीर तिथंच उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. पण तो खाली बसला आणि सळईच्या टोकाचे आटे फडक्यानं पुसायला लागला.

सळईचे सहा फेरे सोडले. पुन्हा काजळ, पुन्हा बांधणी, पुन्हा उघडणी. आता काजळ पंजाच्या मुळापर्यंत पुसलं. अशी ती पेटी तीन दिवसांत मी अकरा वेळा उतरवली. माझ्या हाताला काजळाचा वास आठ दिवस होता.

राहिली ती गोल झालेली टोकं. कानस लागत नव्हती, घसरत होती, इतकं पोलाद कडक. पण आम्ही शिकलगार. सहाणेचं चाक आणि कुरुंदाचा दगड हेच तर आमचं घराणं. दस्तगीर चाक फिरवायचा, मी पंजे धरायची, आणि बावा मध्ये मध्ये बोट लावून बघायचे. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट शिकवली जी पुढं मी शेकडो गाड्यांत वापरली. म्हणाले, "सरळ घासू नकोस. बंदुकीच्या घोड्याची अडकण आपण कशी कापतो? जरा आतल्या अंगाला कलती. मग ओढ पडली की सुटत न्हाय, उलट घट्ट बसती. पंजा बी तसाच काप." केसाएवढा कल दिला. आज शिरोलीकडं मोठमोठे कारखाने उभे राहायला लागलेत, तिथला एक इंजिनिअर पोरगा मला म्हणाला, याला आमच्या पुस्तकात नाव आहे. असेल. आमच्याकडं नाव नव्हतं, बोट होतं.

चौथ्या दिवशी बाळासाहेब आले. या वेळी मी स्टँडवरच्या आवाजावर भरवसा ठेवणार नव्हते. बाळासाहेबांनी गाडी गल्लीतून फिरवून आणली. सुटणं थांबलं होतं, कट् कट् गेलं होतं. पण बदलताना अजून एक खडाड् येत होता. मी पडद्यामागून कान लावून ऐकलं आणि मला कळलं. आता दोष गाडीत नव्हता, हातात होता. बाळासाहेब इंजिन मोकळं सोडून, क्लच दाबायच्या आधीच दांडी हिसडत होते. घोड्याचा लगाम ओढावा तशी.

बावांना मी हळूच सांगितलं. ते पुढं जाऊन म्हणाले, "बाळासाहेब, दांडी हळू ओढा."

"हळू म्हंजे किती हळू?"

बावांना काय सांगता येणार? त्यांनी ती दांडी स्वतः कधी ओढलीच नव्हती. ते म्हणाले, "हळू म्हंजे... हळू."

"बावा, हे काय चाललंय? तुमी दुरुस्त केलीया न्हवं? मग दावा की ओढून!"

बावा उठायला लागले. हात पुढं करून, उंबरा चाचपत. मी बघितलं की हा म्हातारा आता माझ्यासाठी भर रस्त्यात ठेचकाळणार. मी पदर डोक्यावर घट्ट घेतला आणि पडदा बाजूला करून बाहेर आले. कोपरापर्यंत हात काळे.

गल्लीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली.

"मी दावते," मी म्हटलं. "गाडी स्टँडवर घ्या."

बाळासाहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या हातांकडं आणि मग बावांकडं. "बावा, हे काम कुनाचं?"

"तिचं," बावा म्हणाले. "दोन वर्षं सगळं तिचंच हाय. मला दिसत न्हाय, बाळासाहेब. तुमचा चेहराबी दिसत न्हाय, तवा रागावलाय का हसताय ते तुमीच सांगा."

बाळासाहेब हसले नाहीत. पण गाडी स्टँडवर घेतली.

मी दाखवलं. "आधी इंजिनाचा आवाज उतरवा. मग क्लच दाबा. मग लगेच दांडी न्हाय. आतली चाकं एकमेकांच्या नादाला यायला वेळ द्या. आमी बिस्मिल्ला म्हणतो, तेवढा वेळ. मग ओढा, एका दमात, अर्ध्यावर सोडायची न्हाय."

टक्.

"आमी काय बिस्मिल्ला म्हनायचं?" बाळासाहेब म्हणाले.

"तुमी जोतिबाचं नाव घ्या. पण सगळं घ्या, अर्धं न्हाय. 'जोतिबाच्या नावानं' म्हना, आणि 'चांगभलं'ला दांडी ओढा."

मी मनातल्या मनात म्हणायला सांगितलं होतं. हे मी चारचौघांत शपथेवर सांगेन. पण बाळासाहेबांना मनातल्या मनात काही म्हणता येत नव्हतं. ते गाडीवर बसले, पागेच्या रस्त्याला लागले, आणि पहिल्या वळणावर ओरडले, "जोतिबाच्या नावानं!" रस्त्यावरची माणसं काय गप्प बसतात? पन्नास गळ्यांतून आलं, "चांगभलं!" त्या आवाजात गिअर पडला की नाही हे खुद्द देवालाच ठाऊक. पुन्हा पुढच्या चौकात तसंच. दस्तगीर मागून पळत गेला होता. तो पागेपर्यंत जाऊन आला, धापा टाकत म्हणाला, "पागेच्या दारात दोनदा बदलला. घोड्यांनी कानसुद्धा हलवलं न्हाईत. पागेचा साहेब म्हनतोय, गाडीचा आवाज गेला, आता मानसाचा बंद करा."

बावा खाली बसले. बराच वेळ त्यांची मान हलत होती. मग म्हणाले, "दस्तगीर, हत्यारांचं काय?"

"राहू देत हितंच," दस्तगीर म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "पर भाभी, आता सगळ्यांनी बघितलं. पडदा परत लावलास तरी काय उपेग?"

"लावत न्हाय," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती, पण खरी झाली नसती. दस्तगीर मिरजेला गेला आणि आमच्या दारात माणूस फिरकेना. दोन मोठ्या घरांतून गडी आले आणि दुरुस्तीला दिलेल्या बंदुका न दुरुस्त करता परत घेऊन गेले. बाईच्या हातची बंदूक नको म्हणाले. एकानं तर माझ्यासमोर ती पाण्यानं धुतली. त्यातलं एक घर बावांच्या वडिलांपासून आमचं गिऱ्हाईक होतं. बावांची भाकरी अर्धी झाली. तेवढं एक मला आजही लागतं. लपून राहिले असते तर म्हाताऱ्याची शेवटची वर्षं मानात गेली असती, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, लपून राहिले असते तर त्या दिवशी बावाच उंबऱ्यात ठेचकाळून पडले असते, त्यात कसला मान?

मी रोज सकाळी दुकान उघडायची. झाडून काढायची, कानशी पुसायची, सहाणेच्या चाकाला पाणी द्यायची आणि बसायची. बावा विचारायचे, "आलं कोन?" मी म्हणायची, "येतील." रोज तेच. मी हट्टानं बसले, दुसरा शब्द नाही.

सव्वा महिन्यानं एका शुक्रवारी दस्तगीर दारात उभा. सुट्टी नव्हती, कपड्यांना कोळशाचा वास. आत येईना. चौकटीला धरून घुटमळत राहिला.

"काय रे?" मी म्हटलं. "बावा बरे हाईत."

"व्हय, ते... आमच्या वर्कशॉपातला साहेब हाय. त्याची फटफटी. गिअर टाकला की अख्खं वर्कशॉप वळून बघतंय. मुंबईच्या मानसांनी बघितली, गप होईना."

"मग?"

"मग, आणू का म्हनून इचारायला आलोय."

मी कानस खाली ठेवली. "साहेबाला सांगितलंयस का, हितं काम कोन करतं ते? उद्या उंबऱ्यातनं गाडी परत न्यायची असंल तर आणू नकोस."

"सांगितलंय," दस्तगीर म्हणाला. आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "सगळ्यांसमोर सांगितलंय. माझी भाभी करती म्हनून."

आतून बावांची काठी वाजली. मी उठून त्याला पाटावर बसायला जागा केली.

"मग आण की," मी म्हटलं. "पण ढकलत न्हाय, चालवत आण. दारात यायच्या आधी तिचा आवाज मला ऐकायचाय."